धुराचा खोकला

६ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

अनेक आशीर्वाद. साठी उलटलेल्या बहिणीला या नावाने हाक मारू नये, असे माझ्या सूनबाईचे मत आहे. परंतु डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत जिची टकळी अखंड चाले, तिला दुसरे कोणतेही नाव मला आजवर सुचलेले नाही.

पहिल्या दोन प्रकरणांचे ध्वनिमुद्रण पोचले. डोळ्यांच्या मधोमध पडलेला डाग आता इतका पसरला आहे की मला पानाच्या कडा दिसतात, मजकूर दिसत नाही. हवा आणि साथीचे रोग यांवर हयातभर शिकवून जो ग्रंथ लिहिला, त्याची दुसरी आवृत्ती मला कानांनी तपासावी लागत आहे. अंधांसाठी पुस्तके वाचणाऱ्या त्या संस्थेत तू नसतीस, तर हे काम मी कोणा अनोळखी आवाजाच्या हवाली केले असते आणि पहिल्याच पानावर त्याच्याशी भांडलो असतो.

आता दोष. ‘श्वसन’ आणि ‘श्लेष्मा’ यांतला ‘श’ तू घाईत गिळतेस. कोष्टके वाचताना तुला कंटाळा येतो आणि तो ऐकू येतो. परिच्छेद संपल्यावर श्रोत्याला विचार करण्यापुरती उसंत द्यावी.

तुझे शहर डोंगरांच्या मधोमध बशीसारखे खोलगट आहे, हे विसरू नकोस. गारठा वाढला की जड हवा तळाशी बसेल, वर उबदार हवेचे झाकण पडेल आणि तुमच्या चुलींचा, भट्ट्यांचा, गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली शिजत राहील. सकाळी बाहेर पडू नकोस. खिडक्या घट्ट लाव, फटींत ओले फडके कोंब. मी इथे समुद्राकाठी बसून सांगतो म्हणून हसू नकोस. एवढ्या एका विषयात तरी तुझ्या दादाला काही कळते.

दादा

*

१९ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. तुझं पत्र आलं आणि मला पुन्हा पाचवीत बसल्यासारखं वाटलं. ‘श’ चघळून वाचते आहे. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, भिंगाखाली धरायला सोपी जातील.

धूर आलाच. समोरच्या इमारतीचा जिना दिसेनासा झाला आहे, आणि गच्चीवर वाळत घातलेला पांढरा परकर संध्याकाळी राखाडी होऊन परत येतो. सगळं शहर खोकतं आहे. दुकानदार मापं टाकताना खोकतो, गिऱ्हाईक पैसे देताना खोकतं. आधी कोण खोकलं यावरून भांडण तेवढं व्हायचं राहिलंय.

आमची ध्वनिमुद्रणाची खोली मात्र राजवाडा आहे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत, खिडकीवर फळी आहे, दाराला रबर आहे. आवाज येत नाही तिथे धूर कुठून येणार? त्यामुळे सगळे वाचक आपली पाळी असो नसो, आतच येऊन बसतात. एका बाकावर पाच-सहा जण, मांडीला मांडी लावून. कुणी थर्मास आणतं, कुणी विणकाम. तुझ्या सल्ल्याप्रमाणे फटीत फडकंही कोंबलं आहे, माझ्या घरीही आणि इथेही.

यंत्रावर बसते ती आमची कात्री. खरं नाव तिलासुद्धा आठवत नसेल. वाचक अडखळला, खोकला, खुर्ची वाजली, की ती ते तेवढं कापून टाकते आणि दोन्ही टोकं अशी जुळवते की सांधा कळत नाही. वय कोवळं, जीभ तिखट. काल मला म्हणाली, “मावशी, तुमच्या दादांचं पुस्तक वाचून मला श्वास घ्यायचीच भीती वाटायला लागली.”

माझ्या आधी ज्यांची पाळी असे, ते बँकवाले काका खोकून खोकून पार वाळले होते. या महिन्यात मुलीकडे राहायला गेले. बरं झालं, तिथे हवा चांगली आहे म्हणतात. मलाही थोडा खोकला लागला आहे, पण मी काय आकाशातून पडले आहे?

तुझी टिटवी

*

२ डिसेंबर

प्रिय टिटवी,

आशीर्वाद. तिसरे व चौथे प्रकरण ऐकले. कात्रीबाईंना माझे अभिनंदन कळव. इतके स्वच्छ मुद्रण मी आकाशवाणीवरही ऐकलेले नाही.

तुझा खोकला धुराचा आहे. धुरातले अतिसूक्ष्म कण श्वासनळीच्या आतली लव जाळतात. बाहेरची घाण वर ढकलण्याचे त्या लवेचे काम मग खोकल्याला करावे लागते. अशा खोकल्याला बाटलीतले औषध घेणे म्हणजे आग विझवण्याऐवजी धूर दिसणारी खिडकी झाकणे होय. वाफ घे, कोमट पाणी पी आणि धीर धर. माघ-फाल्गुनात वारा फिरतो, झाकण उडते आणि सबंध शहराचा खोकला एकदम जातो. तुझाही जाईल.

आता एक गंभीर तक्रार. तुझ्या वाचनात वाक्ये तुटू लागली आहेत. तू कर्त्यापाशी थांबतेस, कर्मापाशी पुन्हा थांबतेस, आणि क्रियापदाशी पोचेपर्यंत आवाज उतरलेला असतो. ही बेफिकिरी आहे. तू पस्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवलेस. स्वल्पविराम कुठे आहे हे तुला मी सांगावे?

चौथ्या प्रकरणाची अखेरची पाने पुन्हा वाच.

दादा

*

२० डिसेंबर

ती. दादास,

सा. न. पानं पुन्हा वाचली. तुझ्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत वाचणारा म्हातारा होतो, त्याला मी काय करू? मध्ये कुठेतरी पाणपोई ठेवत जा.

बाकी माझं छान चाललं आहे. इतकं छान, की सगळी पोलकी ढगळ झाली. शेजारीण विचारते, “कसलं पथ्य करता हो?” मी म्हटलं, भावाचा ग्रंथ वाचते, त्यात अंगावर मांस राहत नाही. संध्याकाळी अंग थोडं कोमट लागतं, पण थंडीत तेवढीच शेगडीची बचत.

सातव्या प्रकरणाला हात घातला आहे. त्यात एका ठिकाणी तू लिहिलं आहेस: “धुराच्या ऋतूत सगळेच खोकतात, म्हणूनच त्या सर्वांत ज्याचा खोकला वेगळा असतो, तो कोणालाच, त्या खोकणाऱ्यालाही, ऐकू येत नाही, आणि क्षयाला याहून सोयीस्कर निवारा दुसरा मिळत नाही.” हे वाक्य मला चार वेळा वाचावं लागलं. पाचव्यांदा कात्रीने यंत्रच बंद केलं. म्हणाली, “उद्या बघू.”

दादा, एक विचारू? हे खरंच असंच असतं का? की लिहिता लिहिता वाक्य जमून गेलं, म्हणून राहू दिलंस? तू मोठा माणूस, राग मानू नकोस. मला नीट सांग.

टिटवी

*

४ जानेवारी

प्रिय टिटवी,

आशीर्वाद. राग मानू नकोस असे लिहून लोक जे विचारतात, त्याचा राग येतोच.

वाक्य जमून गेले म्हणून मी ते ठेवलेले नाही. एका रुग्णालयातल्या दहा हिवाळ्यांच्या निरीक्षणाचे ते सार आहे. तथापि तुझ्या अडखळण्यामागे एक खरा दोष आहे, हे मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवल्यावर मान्य करतो. “त्या खोकणाऱ्यालाही” हा तुकडा मध्येच घुसल्यामुळे वाक्याचा तोल जातो. तो पुढीलप्रमाणे हलव: “कोणालाच ऐकू येत नाही, त्या खोकणाऱ्यालाही नाही; आणि…” आता म्हणून पाहा. उतारावरून पाणी जावे तसे जाते की नाही? तुझ्यामुळे ही सुधारणा झाली, याचे श्रेय तुला.

‘निवारा’ऐवजी ‘आडोसा’ असावे का, यावर माझा निर्णय होत नाही. तुझे मत कळव.

अशा गोष्टी पत्राने लांबतात. येत्या रविवारी मी फोन करू का? दुपारी तू घरी असशील.

दादा

*

१७ जानेवारी

ती. दादास,

सा. न. फोन नको. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते. पत्रात निदान माझी पाळी येते. शिवाय शेजारणीचा कान भिंतीला असतो.

‘निवारा’च असू दे. आडोसा म्हटलं की त्यातून निघून जाता येतं असं वाटतं.

वाक्य तू सांगितलंस तसं वाचलं. आता बरोबर जातं.

इथे मी थोडी व्यवस्था बदलली. बाकावरच्या मंडळींना म्हटलं, तुमच्या कुजबुजीने मुद्रण बिघडतं, बाहेरच्या दालनात बसा. रुसले सगळे. कात्रीचं यंत्रही लांब वायर लावून दाराबाहेर नेलं, आणि खिडकीवरची फळी काढायला लावली. कात्रीने भांडण केलं. “मावशी, धूर येईल, आवाज येईल, तुमचे दादा आपल्याला फाडून खातील.” मी म्हटलं, दादाला मी बघते. आत कोंदट होतं, डोकं धरतं, एवढंच कारण.

सात संपलं. पाच प्रकरणं उरली. मध्ये थांबायचं नाही असं ठरवलं आहे. तू म्हणतोस तसा एकदा वारा फिरू दे, मग सगळंच सोपं होईल.

टिटवी

*

२९ जानेवारी

टिटवीस,

आठवे प्रकरण हे माझ्या ग्रंथाचे वाचन आहे की बाजाराचे वर्णन? कावळे, हातोडे, कर्णे, कोणी तरी कोणाला शिव्या देत आहे. साथीच्या प्रसाराचे गणित मांडताना पार्श्वभूमीला बोकड ओरडतो. ज्या खोलीची ख्याती तिच्या शांततेवर उभी आहे, तिची खिडकी तू उघडतेस. आणि तीही धुराच्या ऐन भरात, ज्या धुरापासून जपण्याविषयी मी तुला पत्रामागून पत्रे लिहिली! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तो हाच प्रकार.

तुझे वाचनही आता असे झाले आहे की दर तीन शब्दांनी मला थांबावे लागते. तुला हे काम नकोसे झाले असेल तर तसे स्पष्ट लिही. मी वाईट वाटून घेणार नाही.

खिडकी बंद करून आठवे प्रकरण पुन्हा वाचावे.

दादा

*

६ फेब्रुवारी

दादा,

काम नकोसं झालेलं नाही. तसं पुन्हा लिहू नकोस.

आठवं पुन्हा वाचते. नववंही वाचते. पण खिडकी उघडीच राहील. बोकडाला मी बोलू शकत नाही, त्याच्या मालकाला सांगितलं आहे.

टिटवी

*

२६ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

आशीर्वाद. तुझे चार ओळींचे पत्र मी अनेकदा भिंगाखाली धरले. लहानपणीही तू रुसलीस की अशीच थोडके बोलायचीस. मी कठोर लिहिले. खिडकीचे असू दे, बोकडासकट ऐकेन.

बातम्यांत सांगितले की तुमच्याकडे वारा फिरला, डोंगर दिसू लागले. तेव्हा खोकला एव्हाना गेला असेल. नववे प्रकरण अद्याप आले नाही. घाई नाही. केवळ चार ओळी लिही, पण लिही.

दादा

*

११ मार्च

आदरणीय मामा,

मी कात्री. मावशींचे भाऊ म्हणून मामा लिहिते, चालत नसेल तर खोडून वाचा. तुमच्या सूनबाईंना फोनवर बातमी कळवली तेव्हा त्या म्हणाल्या, सगळं सविस्तर पत्राने लिहा, त्यांना फोनवर सांगितलेलं पटणार नाही. अक्षर मोठं काढते आहे.

वारा फिरला त्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर गेलो होतो. आकाश निळं होतं. दोन-तीन दिवसांत कुणीच खोकेना. रस्ता गप्प, दुकानं गप्प, बाहेरचं दालन गप्प. मी यंत्रापाशी बसले होते आणि आतून एकटीचा खोकला ऐकू येत होता. इतके दिवस मी तो रोज कापत होते, मामा. इतरांच्या दहा ठिकाणी कापायचे, त्यांच्या चाळीस. पण तेव्हा सगळ्यांचंच कापत होते, म्हणून मोजलं नाही. मी दारात गेले आणि म्हटलं, “मावशी, हा धुराचा नाही.” त्या हसल्या. म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं? तुझं शिक्षण काय, दादाचं काय!” आणि मग त्यांनी रुमाल दाखवला. रक्त होतं.

दवाखान्यात नेलं. क्षय. दोन्ही बाजू गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात आणलं असतं तर औषधांनी उठून बसल्या असत्या. चौथ्या दिवशी सकाळी खूप रक्त आलं. मी होते जवळ. फार वेळ लागला नाही.

एक गोष्ट सांगू की नको, असं करत हे पत्र दोनदा फाडलं. मी त्यांना रागाने विचारलं होतं, “सातव्या प्रकरणात ढळढळीत लिहिलंय, तुम्हीच वाचलंत, मग गेला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “अगं, पुस्तक सगळ्यांसाठी असतं. पत्र माझ्यासाठी होतं. दादाने मला पत्रात लिहिलं, धुराचा आहे. मी विचारलंसुद्धा.” मग म्हणाल्या, “तू मात्र दाराबाहेरच बस.” म्हणजे त्यांना किती कळलं होतं आणि किती नाही, मला सांगता येत नाही.

माझी तपासणी झाली. मलाही आहे, पण लवकर सापडला. औषधं सुरू आहेत, बरी होईन असं खात्रीने सांगतात. बँकवाल्या काकांच्या मुलीकडे चौकशी केली. ते जानेवारीतच गेले. त्यांनाही ‘धूर सोसला नाही’ असंच म्हणाले होते.

आता खरं काम. आमचे व्यवस्थापक शोकसभा घेत आहेत. फलक रंगवलाय: “धुराने आमचा आवाज हिरावला”. क्षय हा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा हुकूम आहे. खोली बंद होईल, देणग्या थांबतील, लोक नावं ठेवतील. दवाखान्यातल्या परिचारिका बाई दोनदा येऊन गेल्या, बाकावर बसणाऱ्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाल्या. एकही गेला नाही. विणकामवाल्या आजी म्हणतात, “मला काय झालंय? धूर गेला, खोकला गेला.” आणि जरा वेळाने तोंडाला पदर लावतात. मी औषध घेते हे कळल्यापासून दालनात माझा पेला वेगळा ठेवलाय.

व्यवस्थापक तुम्हालाही लिहिणार आहेत. तुम्ही या विषयातले मोठे, तेव्हा धुराबद्दल चार शब्द पाठवावेत, असं त्यांना वाटतं. तुम्ही लिहिलंत तर सगळे मानतील. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

कात्री

*

१९ मार्च

चि. कात्रीस,

मामा चालेल.

व्यवस्थापकांचे पत्र आले. त्यांनी मजकूरही सुचवला आहे. व्याकरण शुद्ध आहे. मी तुम्हाला सोबतचा कागद पाठवतो. तो त्यांना आधी दाखवू नये. ते त्यात सुधारणा करतील. परिचारिका बाईंना सभेच्या दिवशी शेजारच्या खोलीत बसायला सांगा. कागद तुम्ही वाचा. उघड्या खिडकीपाशी उभ्या राहून वाचा. मध्ये खोकला आला तर थांबा, लोकांना ऐकू द्या.

औषध एक दिवसही चुकवू नका. बरे वाटू लागले की माणसे सोडतात. ही आज्ञा समजा. पंधरवड्याला मला लिहीत जा.

मामा

[सोबतचा कागद]

सभेस,

मी तिचा भाऊ. फलकावर लिहिले आहे ते खरे नाही. माझी बहीण धुराने गेली नाही. ती क्षयाने गेली.

धूर निर्दोष नाही. त्याने तिची फुप्फुसे आधीच झिजवून ठेवली. त्याने तुम्हा सगळ्यांना एका बंद खोलीत, एका बाकावर आणून बसवले. खोलीत धूर नव्हता, म्हणून तुम्हाला ती सुरक्षित वाटली. मलाही वाटली. फटीत फडके कोंबा, असे मीच लिहिले होते.

तिने मला खोकल्याविषयी लिहिले. अंग गरम होते, वजन उतरते, तेही लिहिले. हसत लिहिले. हा धुराचा खोकला आहे, वारा फिरला की जाईल, असे मी तिला उत्तर दिले. मी या विषयाचा तज्ज्ञ आहे. तिने माझे ऐकले. तिने मला विचारले, तेव्हा मी वाक्य दुरुस्त केले.

तुमच्यापैकी काहींचा खोकला गेला आहे. काहींचा गेलेला नाही. तो कोणाचा, हे तुमचे तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांचा गेला, त्यांनीही बसून राहू नये; हा रोग महिनोन्‌महिने गप्प राहतो. तो औषधाने पूर्ण बरा होतो. जी हे वाचते आहे, ती बरी होते आहे. तिचा पेला तुमच्या पेल्यांत ठेवा. रोग पेल्यातून जात नाही. हवेतून जातो.

शोकसभेत दोन शब्द बोलतात. आज बोलू नका. ती फार बोलकी होती. तिच्याविषयी सांगण्यासारखे प्रत्येकाकडे काही ना काही असेल. मला ते सगळे ऐकायचे आहे. मी येऊ शकत नाही, तेव्हा लिहून पाठवा, मोठ्या अक्षरात. पण आधी शेजारच्या खोलीत जा. परिचारिका बाई बसल्या आहेत. वेळ थोडा लागतो, दुखत नाही.

विणकामवाल्या आजींनी पहिले जावे. बाकीचे मग जातील.

उठा.